पिशवी, विषाणू आणि एक तपासणी
(वडवणी येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतल्या आहेत, म्हणून आज समोर बायका एवढ्या संख्येनं बसल्या आहेत. हेच व्याख्यान दिवाळीनंतर ठेवलं असतं तर जिच्यासाठी बोलायचं, ती कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडात मोळ्या बांधत असती. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘शरीरसंबंधांतून पसरणारे विषाणू आणि कॅन्सर’ असं पत्रिकेवर सरळ छापा. आपल्या जिल्ह्यात या विषयावर कुजबुज फार झाली, आणि त्या कुजबुजीची किंमत बायकांनी शरीरानं मोजली.

२०१९ साली आपल्या बीड जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं ते गर्भाशय, म्हणजे पिशवी, काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळं. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं तेव्हा विधिमंडळात सांगण्यात आलं. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायका एका ओळीत बसल्या तर त्यातली एक. आणि यातल्या पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या.

का काढली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, पाळीला फार जायचं. दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि सांगितलं गेलं, पिशवीला सूज आहे, पिशवी सडलीय, ठेवली तर उद्या कॅन्सर होईल. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कोणती बाई घासाघीस करील? शिवाय नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, एक खाडा पडला तरी पैसे कापले जाणार. दोन मुलं झालेली. मग तीच म्हणते, बाई, काढून टाका एकदाची, कटकट नको. तिच्या या वाक्याला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. ते बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गानं होतं आणि गोळ्यांनी बरं होतं. फडावर राहायच्या कोपीजवळ न्हाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. अशा ठिकाणी सहा महिने राहणाऱ्या बाईला संसर्ग होणारच. त्याचं औषध पाणी, आडोसा आणि योग्य गोळ्या हे आहे. धडधाकट पिशवीवर सुरी चालवून ते दुखणं जात नाही. वर बीजकोश काढले असतील तर पस्तिशीतच रजोनिवृत्ती, अंगाच्या लाह्या, हाडं ठिसूळ, आणि त्या हाडांवर पुन्हा उसाची मोळी.

मग खरा कॅन्सर कुठला? आपल्याकडं बायकांना ज्याचा जास्त धोका आहे, तो पिशवीच्या तोंडाचा. भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो होतो आणि पाऊण लाखाहून जास्त बायका त्यानं दगावतात. हा आजार नशिबानं येत नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण सापडून चाळीस वर्षं झाली.

१८४२ साली इटलीत रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्यानं व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या. लग्न झालेल्या बायकांत गर्भाशयाचा कॅन्सर दिसतो, मठातल्या जोगिणींत जवळजवळ दिसत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. संबंधांतून काहीतरी येतंय एवढं कळलं, पण काय येतंय ते कळायला १९८३ साल उजाडलं. जर्मनीच्या हॅराल्ड झुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत या कॅन्सरच्या गाठीत ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजे एचपीव्हीचा, सोळावा प्रकार सापडला, पुढच्या वर्षी अठरावा. लोकांनी आधी त्यांचं म्हणणं उडवून लावलं होतं. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. या विषाणूचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. डझनभर धोक्याचे, आणि त्यातही १६ आणि १८ हे दोन मिळून पिशवीच्या तोंडाच्या दहातल्या सात कॅन्सरना जबाबदार.

हा एचपीव्ही करतो काय, ते नीट ऐका. पेशी मनमानी वाढू नये म्हणून शरीरानं तिच्यावर पहारा बसवलेला असतो. पी-५३ आणि आरबी ही त्यातली दोन मुख्य प्रथिनं. विषाणू या दोघांना निकामी करतो. तरीही लगेच कॅन्सर होत नाही. दहातल्या नऊ जणींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत विषाणूला हाकलून देतं, त्यांना पत्ताही लागत नाही. एखादीच्या अंगात तो ठाण मांडतो. तिथून पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात आणि कॅन्सर व्हायला बहुधा दहा ते वीस वर्षं जातात. एवढा अवधी देणारे कॅन्सर थोडेच असतात. दहा-वीस वर्षं दार उघडं असतं आणि आपण आत डोकावत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मागच्या रांगांतल्या पुरुष मंडळींनी कान द्यावा. संबंधांतून येणारा विषाणू म्हटलं की घराघरांत पहिला प्रश्न उठतो, ‘हिनं कुठून आणला?’ हा प्रश्न विचारूच नका. हा विषाणू इतका सर्रास आहे की संबंध येणाऱ्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी तो गाठतोच. आयुष्यात एकच जोडीदार असला तरी पुरतो. आज तपासणीत निघालेला विषाणू पंधरा वर्षांपूर्वीचा असू शकतो. पुरुषाच्या अंगात तो असला तरी सहसा काही लक्षण दिसत नाही, म्हणून पुरुष निर्धास्त फिरतो आणि बोट बायकोकडं जातं. हाच विषाणू पुरुषांना लिंगाचा, गुदद्वाराचा, घशाचा कॅन्सर करतो, हेही माहीत असू द्या. कंडोम वापरावा, धोका कमी होतो; पण हा कातडीला कातडी लागून पसरतो, म्हणून कंडोमनं पूर्ण अडत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला लागून धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. तिथल्या बायकांनी जगाला जे दाखवून दिलं ते मराठवाड्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. काही गावांत एचपीव्हीची तपासणी, काही गावांत पेशींची म्हणजे पॅप तपासणी, काही ठिकाणी पिशवीच्या तोंडाला ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं, आणि चौथ्या गटात नुसती माहिती आणि नेहमीची दवाखान्याची सोय. तपासणी एकदाच केली आणि पुढं आठ वर्षं लक्ष ठेवलं.

तपासणी म्हणजे काय, ते सांगते, कारण भीती त्याचीच जास्त असते. बाई टेबलावर पाय दुमडून झोपते. परिचारिका योनीत स्पेक्युलम नावाचं लहान साधन सरकवते, त्यानं पिशवीचं तोंड दिसतं. मऊ ब्रश तोंडाशी फिरवायचा, बाटलीत बुडवायचा, झाकण लावायचं, वर नाव लिहायचं. पाच मिनिटांचं काम. भूल नाही, टाका नाही, रक्त नाही. बाटली बार्शीच्या प्रयोगशाळेत जाई आणि विषाणू आहे की नाही ते यंत्र सांगे. दहातल्या एकीच्या आसपास बायकांत तो निघाला. त्यांना बोलावून दुर्बिणीतून तोंड तपासलं, गरज असेल तिथं बिघडलेल्या पेशी गोठवून किंवा तेवढाच तुकडा काढून टाकला. पिशवी जागच्या जागी.

निकाल २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. नुसती माहिती दिलेल्या ३१,४८८ बायकांच्या गटात या कॅन्सरनं ६४ मृत्यू झाले होते. एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ बायकांच्या गटात ३४. एका तपासणीत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींनी तेवढा फरक त्या अभ्यासात दिसला नाही. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढं कडाक्याचा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या चौसष्ट जणी आपल्याच भागातल्या शेतकरी-मजूर घरांतल्या होत्या. त्यांचं ऋण असं नुसतं बोलून फिटणार नाही. आज जगभर एचपीव्ही तपासणीची शिफारस होते तेव्हा ज्या पुराव्यावर बोट ठेवलं जातं, त्यात उस्मानाबादच्या या बायका आहेत. आणि शेजारच्या बीडमध्ये त्याच कॅन्सरची भीती दाखवून पिशव्या निघत होत्या.

एचपीव्हीच्या लसीच्या बाबतीतही बार्शीचं नाव येतं. २००९ साली देशात जे लसीचं संशोधन सुरू झालं, त्यातलं एक केंद्र बार्शी. मुलींना दोन डोस द्यावेत की तीन, एवढंच तपासायचं होतं. पण २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातेत चाललेल्या दुसऱ्याच एका लस प्रकल्पावरून गदारोळ झाला. तिथं मुलींच्या पालकांची संमती नीट घेतली नव्हती, ही तक्रार खरी होती. सरकारनं असे सगळेच प्रयोग थांबवले. त्यामुळं हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचाही पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की एका डोसनंही १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागं या मुलींचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या देशी लशीला परवानगी मिळाली. ही लस नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला, म्हणजे संबंध सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, द्यायची असते. आलेला विषाणू ती घालवत नाही. लशीनं मूल होत नाही ही अफवा आहे. आपल्याकडं पोरींची लग्नं किती लवकर उरकली जातात ते मी वेगळं सांगायला नको, त्यामुळं इथं तर उशीर परवडणारच नाही.

आणखी दोन विषाणूंचं नाव घेऊन पुढं जाते. हिपॅटायटिस बी हा रक्तातून, आईकडून बाळाला आणि संबंधांतूनही जातो आणि यकृताचा कॅन्सर करतो. त्याची लस बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत टोचायची असते, सरकारी दवाखान्यात फुकट. एचआयव्ही स्वतः पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करत नाही, पण प्रतिकारशक्ती खचवतो, मग एचपीव्हीला रान मोकळं मिळतं. एचआयव्ही असलेल्या बाईला हा धोका सहापट. एआरटीची औषधं घेणाऱ्या बहिणींनी पंचविशीपासूनच तपासणी मागून घ्यावी.

बाकीच्यांनी तिशीनंतर. सरकारी कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बाईची पाच वर्षांतून एकदा ॲसेटिक ॲसिडची तपासणी ठरलेली आहे. कागदावर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. एचपीव्ही तपासणी पाच ते दहा वर्षांतून एकदा केली तरी चालते, आणि नमुना बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते. आडोशाला जायचं, काडी आत फिरवायची, नळीत टाकून आशाताईंच्या हातात द्यायची. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी याहून सोयीचं काय असणार? ती गुढीपाडव्याच्या सुमाराला गावी येते, दसऱ्याला निघते. मधल्या सहा महिन्यांत नमुना, निकाल आणि उपचार तिन्ही उरकतात. या तालुक्यात हे सुरू व्हावं अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावात यायला हवी, आणि ती मांडायला पुरुषांनीही हात वर करावा.

तोवर एवढं लक्षात ठेवा. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर थांबू नका, पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. गरज पडली तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कुणी पिशवी काढायला सांगितली तर विचारा, तपासणीचा कागद कुठाय, तुकडा तपासलाय का, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नका.

आणि ज्यांची पिशवी आधीच निघाली आहे त्यांच्यासाठी. सगळ्या शस्त्रक्रियांत तोंड काढलेलं नसतं; कधी पिशवी काढतात आणि तोंड आत तसंच राहतं. ज्यांचं राहिलं, त्यांचा धोकाही राहिला. दवाखान्यातून सुट्टी देताना मिळालेलं कार्ड पेटीतून शोधून काढा, ते घेऊन तपासणीला या. कार्ड हरवलं असेल तरी या, स्पेक्युलम घालून बघितलं की अर्ध्या मिनिटात कळतं. ज्यांना आता काही विचारायचंय त्यांनी बसून राहा. चारचौघांत बोलणं जड जात असेल तर मी व्यासपीठामागच्या खोलीत आहे.