ऑनलाइन वर्गातील इतिहासाचा विद्यार्थी : अभ्यासाची काही सूत्रे



महाविद्यालयीन इतिहासाचे अध्यापन गेल्या दशकात वर्गखोलीबाहेर पडून संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आले, या बदलाचा विचार आजवर बहुतेक वेळा सोय, खर्च आणि तंत्र यांच्याच अंगाने झालेला आहे. इतिहास या विषयाची स्वतःची अशी एक अभ्यासपद्धती आहे आणि गुरूच्या प्रत्यक्ष सहवासावाचून शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ती कशी अंगी बाणवावी, हा प्रश्न मात्र मागे पडला. ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात नियमांची एक यादी मिळते : स्वाध्याय मुदतीत द्यावा, उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावे, संदर्भ नोंदवावेत, चर्चेत सभ्यता पाळावी. हे नियम कार्यालयीन शिस्तीसाठी केलेले आहेत असा विद्यार्थ्यांचा आणि पुष्कळदा अध्यापकांचाही समज असतो. वस्तुतः त्यांतील प्रत्येक नियम इतिहाससंशोधनाच्या पद्धतीतूनच निघालेला आहे, हे स्पष्ट करणे हा राळेगणसिद्धी येथील अधिवेशनातील या भाषणाचा हेतू आहे.

दूरशिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांना पदवीचा मार्ग खुला केला, आणि ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठाने देशभरातील प्राध्यापकांची व्याख्याने कोणालाही विनामूल्य ऐकता येतील अशी व्यवस्था केली. या व्यासपीठावरील अभ्यासक्रमाची चार अंगे असतात : ध्वनिचित्रफितीतील व्याख्यान, वाचनसाहित्य, शंकासमाधानासाठी चर्चा आणि स्वाध्याय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरवलेले पदवीचे एकक, अशा अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. पारनेर तालुक्यातील ज्या विद्यार्थ्याला, आणि विशेषतः ज्या विद्यार्थिनीला, रोज नगर, शिरूर किंवा पुणे गाठणे शक्य नाही, तिच्यासाठी या सोयीचे मोल मोठे आहे. म्हणूनच या सोयीचा उपयोग केवळ श्रेयांक जमवण्यासाठी न होता विषय खऱ्या अर्थाने शिकण्यासाठी व्हावा, अशी काळजी वाहणे हे इतिहासाच्या अध्यापकांचे कर्तव्य ठरते.

पहिले सूत्र वेळेचे आहे. वर्गातील तासिका विद्यार्थ्याला आपोआप लय देते, तर ऑनलाइन अभ्यासक्रमात ती लय विद्यार्थ्यालाच घालून घ्यावी लागते, आणि सत्राच्या अखेरीस बारा आठवड्यांची व्याख्याने एका दमात पाहणाऱ्याला घटनांची जंत्री कदाचित पाठ होते, परंतु एका घटनेतून दुसरी कशी उद्भवली हे त्याच्या मनात मुरत नाही. म्हणून आठवड्याचे तास आधी ठरवावेत, व्याख्यानापूर्वी नेमलेला मजकूर वाचावा, आणि व्याख्यान ऐकताना वहीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात : वक्त्याने केलेले विधान, त्यासाठी दिलेला पुरावा आणि स्वतःला पडलेला प्रश्न. ज्या घरात एकच मोबाइल चौघांत वापरला जातो आणि जेथे वीज व नेटवर्क यांचा भरवसा नसतो, तेथे ही शिस्त विद्यार्थ्याच्या एकट्याच्या बळावर पाळली जाणार नाही. अध्यापकांनी वाचनसाहित्य आधीच उतरवून घेता येईल अशा स्वरूपात द्यावे आणि मुदत ठरवताना ही अडचण जमेस धरावी.

दुसरे सूत्र साधनांचे आहे. प्राथमिक साधन म्हणजे घटनेच्या काळात किंवा घटनेशी संबंधित व्यक्तींकडून निर्माण झालेला पुरावा, जसे पत्र, ताम्रपट, नाणे, हिशेबाची वही किंवा न्यायालयातील जबानी. दुय्यम साधन म्हणजे अशा पुराव्यांच्या आधारे नंतरच्या अभ्यासकाने केलेली मांडणी. महाराष्ट्रात साधने छापून सर्वांपुढे ठेवण्याची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळामुळे, पूर्वी दिल्लीस गेल्यावाचून न दिसणारे कागद आता गावात बसून चाळता येतात. परंतु जे पडद्यावर आले तेवढेच शिल्लक आहे अशी समजूत विद्यार्थ्याने करून घेऊ नये. छापण्यासाठी किंवा प्रतिमा घेण्यासाठी कोणीतरी निवड केलेली असते, आणि मोडी लिपीतील असंख्य कागद अद्याप रुमालांतच बांधलेले आहेत. मोडीचा परिचय करून घेणे हा म्हणूनच इतिहासाच्या ऑनलाइन विद्यार्थ्याच्या अभ्यासाचाही भाग असला पाहिजे.

साधन मिळाल्यावर ते पारखावे कसे, हे याच परिसरातील एका उदाहरणाने दाखवता येते. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि त्याची झळ पारनेर व श्रीगोंदे तालुक्यांतील गावांनाही पोहोचली. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव युद्ध संपताच उतरला, सावकारांनी हात आखडता घेतला, त्याच सुमारास फेरआकारणीने शेतसारा वाढला, आणि कर्जात बुडालेल्या रयतेने सावकारांकडील कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या हस्तगत करून जाळल्या. सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७६ मध्ये सिद्ध झाला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. रयतेच्या आणि सावकारांच्या जबान्या, व्याजाचे दर, धान्याचे भाव अशी मोलाची सामग्री या अहवालात आहे. मात्र ज्या सरकारने वाढवलेला सारा हा स्वतःच वादाचा विषय होता, त्याच सरकारने नेमलेल्या आयोगाने साऱ्याचा दोष कमी लेखून सावकारीवर भर दिला, ही गोष्ट वाचकाने सतत ध्यानात ठेवावी लागते. याच दशकांतील शेतकऱ्याची दैना जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मांडली तेव्हा सरकारी नोकरशाही आणि तिचा भारही त्यांच्या टीकेच्या कक्षेत आला. पुढे १९७२ मध्ये नील चार्ल्सवर्थ या अभ्यासकाने या दंग्यांना इतिहासलेखनात दिले गेलेले महत्त्वच अवाजवी असल्याचे प्रतिपादन केले. साधन कोणी, केव्हा, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने निर्माण केले, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज अहवाल, ग्रंथ किंवा लेख यांतील एकही वाक्य स्वाध्यायात उतरवू नये.

या पारखण्यातच स्थळ आणि काळ यांची खातरजमा येते. दंग्यांची सुरुवात १२ मे १८७५ रोजी सुपे येथे झाली. हे सुपे त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील, म्हणजे आजच्या पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यातील बाजारपेठेचे गाव होय. राळेगणसिद्धीजवळ, पारनेर तालुक्यात, सुपा हे गाव आहे, आणि इंग्रजी कागदांत दोन्ही नावे एकाच पद्धतीने लिहिली जात असल्यामुळे संगणकावर शोध घेणाऱ्याच्या हाती दोन गावांची माहिती एकत्र येते. नकाशा, तालुका आणि जिल्हा ताडून पाहिल्यावाचून लिहिणारा विद्यार्थी एका गावाचा इतिहास दुसऱ्याला बहाल करून बसेल. कालगणनेचेही तसेच आहे. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्रात बदलत असल्याने, इसवी सन काढताना शकात ७८ मिळवावे लागतात, आणि जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंतच्या तिथींसाठी ७९. त्यामुळे शके १७९७ मधील एखादा माघातला कागद १८७५ चा नसून १८७६ चा ठरतो.

तिसरे सूत्र लेखनाचे आहे. दुसऱ्याचा मजकूर स्वतःच्या नावावर देणे, म्हणजे वाङ्मयचौर्य, याला विद्यापीठे शिक्षा करतात. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते टाळण्याचे कारण शिक्षेपेक्षा मोठे आहे. तळटीप हा वाचकाला पुराव्यापर्यंत नेणारा रस्ता असतो, आणि तो रस्ता पुसला की लेखकाच्या विधानाची तपासणी अशक्य होते व ते विधान इतिहास म्हणून उभे राहू शकत नाही. ग्रंथाचे नाव, लेखक, वर्ष, पृष्ठ, आणि संकेतस्थळ असल्यास ते पाहिल्याची तारीख, ही नोंद वाचतानाच करून ठेवावी. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी लेखनसाधने आता प्रत्येकाच्या हाती आहेत. ती सफाईदार वाक्ये रचतात, परंतु अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भही तितक्याच सफाईने देतात. त्यांचा उपयोग केला असल्यास तो उघड नमूद करावा, त्यांनी सांगितलेला प्रत्येक संदर्भ मुळात उघडून पाहावा, आणि निष्कर्ष मात्र स्वतःच्या विचाराने काढावा. मोबाइलवरून फिरणाऱ्या निनावी ऐतिहासिक संदेशांना तर, त्यांचे मूळ साधन सापडेपर्यंत, स्वाध्यायात जागाच असू नये.

चौथे सूत्र चर्चेचे आहे. पडद्याआड बसून लिहिणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि शब्द सहज तिखट होतात. इतिहासात तर जात, धर्म, प्रांत आणि थोर पुरुष यांविषयीच्या भावना आधीच तीव्र असतात. निजामशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज या सर्वांच्या राजवटी पाहिलेल्या जिल्ह्यात, जेथे हबशी वंशाच्या मलिक अंबराने निजामशाहीचा कारभार सांभाळला आणि मराठे सरदार त्याच्या सैन्यात लढले, तेथे भूतकाळाची आपले व परके अशी सरळ विभागणी पुराव्यापुढे टिकत नाही. म्हणून मतभेद विधानाशी असावा, व्यक्तीशी नसावा; विरोधी मत खोडण्यापूर्वी ते त्याच्या समर्थकालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडता यावे; आणि नवा पुरावा पुढे आल्यास मत बदलण्याची तयारी असावी.

पाचवे सूत्र पडद्यापासून दूर, गावाकडे नेणारे आहे. सातबारा व फेरफार यांच्या जुन्या नोंदी, ग्रामसभेची इतिवृत्ते, शाळेचे जनरल रजिस्टर, सहकारी सोसायटीच्या वह्या, देवळातील शिलालेख आणि वृद्धांच्या आठवणी ही साधने विद्यार्थ्याच्या उंबऱ्याशी असतात. ज्या माहितीच्या अधिकारासाठी राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी दीर्घ आंदोलन केले आणि ज्याचा कायदा महाराष्ट्रात २००२ चा व केंद्रात २००५ चा झाला, तो इतिहासाच्या विद्यार्थ्याच्याही कामाचा आहे. केंद्रीय कायद्याच्या कलम ८ मधील तरतुदीनुसार २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, काही मोजके अपवाद वगळता, नाकारता येत नाही. मौखिक इतिहासासाठी, म्हणजे प्रत्यक्षदर्शीच्या मुलाखतीतून नोंदवलेल्या आठवणींसाठी, सांगणाऱ्याची संमती, स्थळ, तारीख आणि विचारलेले प्रश्न यांची नोंद अनिवार्य मानावी, आणि कथन कागदपत्रांशी ताडून पाहावे.

खुद्द राळेगणसिद्धीचा अर्वाचीन इतिहास या सूत्रांची कसोटी घेणारा आहे. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या हजारे यांनी यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धारापासून आरंभ केला. पुढे नालाबांध, पाझर तलाव, समतल चर यांतून पाणी जिरवले गेले, आणि नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. गणेश व वसुधा पांगारे यांच्या १९९२ च्या पुस्तकात हे परिवर्तन दारिद्र्याकडून समृद्धीकडे झालेली वाटचाल म्हणून येते. मुकुल शर्मा यांच्या २००६ च्या लेखात मात्र या परिवर्तनामागची नैतिक सत्ता, शिस्तीची सक्ती आणि दलितांचे गावातील स्थान यांविषयी कठोर प्रश्न विचारलेले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोहोंपैकी एक निवडून दुसरे टाकून देऊ नये. दोन्ही वाचावीत, ग्रामसभेची इतिवृत्ते मागवावीत, बांधावर काम केलेल्या स्त्रियांना आणि भूमिहीनांना विचारावे, आणि मग पुरावा जेवढे बोलतो तेवढेच लिहावे. त्या काळातील कर्तेसवरते स्त्रीपुरुष आता वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्या आठवणी नोंदवण्याचे काम पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही.

महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी ऑनलाइन इतिहास-अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनात स्थानिक साधनांवर आधारलेला एक स्वाध्याय सक्तीचा करावा, मोडी वाचनाचा प्राथमिक परिचय त्यात समाविष्ट करावा आणि विद्यार्थ्यांनी जमवलेली साधने जतन करण्याची व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर उभारावी, अशी या व्यासपीठावरून आग्रहाची विनंती आहे. विद्यार्थ्यांना सांगणे इतकेच की, व्याख्यान कोठूनही ऐकावे, परंतु या सत्रात स्वतःच्या गावातील निदान एक जुना कागद मुळातून वाचावा, त्याला प्रश्न विचारावेत आणि त्यातून जे सिद्ध होते ते नि:संकोचपणे, संदर्भासह लिहावे.