अंगाई आणि पाळणा : सैगल यांचे एक गीत आणि लताबाईंची श्रद्धांजली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर संगीत शिकविले. मी मराठीचा अध्यापक. स्वरांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु गीत हा शब्दांचाही संसार असतो आणि त्या संसारात शिरण्याची थोडीफार सवय मला आहे. म्हणून आज एका गीताच्या दोन ध्वनिमुद्रणांविषयी बोलण्याचे योजिले आहे. गीत आहे 'सो जा राजकुमारी'. पहिले ध्वनिमुद्रण कुंदनलाल सैगल यांचे, न्यू थिएटर्सच्या १९४० सालच्या 'जिंदगी' या चित्रपटातील. गीतरचना केदार शर्मा यांची, संगीत पंकज मलिक यांचे आणि चित्रपटाचे दिग्दर्शन प्रमथेश बरुआ यांचे. दुसरे ध्वनिमुद्रण लता मंगेशकर यांचे, १९९२ साली निघालेल्या 'श्रद्धांजली' या संचातील. सैगल, मुकेश, रफी, किशोरकुमार, गीता दत्त अशा दिवंगत गायकांची गाणी त्यांनी त्यात स्वतःच्या कंठातून पुन्हा गायिली.

इंदुरात हा विषय काढणे जोखमीचे आहे, हे मी जाणतो. लताबाईंचा जन्म याच शहरातला, २८ सप्टेंबर १९२९ चा. त्यांच्या गाण्याची कोणाशी तुलना होणार म्हटले की आपल्याकडे श्रोते खुर्चीत सावरून बसतात. पण येथे तुलनेचे आमंत्रण खुद्द लताबाईंनीच दिलेले आहे. 'श्रद्धांजली' हे नाव ठेवले की ऐकणाऱ्याचे चित्त आपोआप मूळ गायकाकडे जाते, आणि ते जावे हाच त्यांचा हेतू होता.

मराठीत लहानग्यांना निजविण्याच्या गाण्यांचे दोन प्रकार आहेत आणि आपण ते पुष्कळदा एकच समजतो. एक अंगाई, दुसरा पाळणा. पाळणा हा बारशाच्या दिवशी म्हणायचा. सुवासिनी भोवती जमलेल्या असतात, गाणे खुल्या आवाजात चालते, त्यात राम-कृष्णांची किंवा कुळातील थोरांची नावे येतात, आणि खरे सांगायचे तर त्या गलबल्यात बाळ बहुधा जागेच असते. पाळण्याचा उद्देश निजविणे हा नसून गौरविणे हा असतो. अंगाईचे तसे नाही. ती एकाने एकासाठी म्हणायची. तिला तिसरा श्रोता नको असतो. शब्द अर्धे तोंडातल्या तोंडात राहिले तरी चालतात, आणि ऐकणारे निजले की गाणे सफल होऊन तेथेच थांबते. हिंदीतील 'लोरी' या शब्दात हा भेद उमटत नाही. आपल्याला तो भाषेनेच दिलेला आहे, तर त्याचा उपयोग करून घ्यावा.

सैगल यांचे गीत ही निखळ अंगाई आहे. लय संथ, आवाज खाली उतरलेला, उच्चार स्पष्ट परंतु कोठेही आघात नाही. वाद्ये अदबीने मागे उभी आहेत. त्यापूर्वीच्या काळात गायकाला नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे, आणि आमच्या संगीत रंगभूमीचे वैभव त्या पल्लेदार आवाजावरच उभे राहिले. मायक्रोफोन आला आणि माणसाला हजारोंसमोर हलक्या आवाजात बोलता येऊ लागले. ही सोय पुष्कळांना मिळाली, पण तिचा अर्थ फार थोड्यांना कळला. सैगल त्यांतले अग्रणी. जम्मूत जन्मलेला, रीतसर गंडाबंध तालीम न घेतलेला, एके काळी टंकलेखन यंत्रे विकत फिरणारा हा पंजाबी माणूस कलकत्त्यास गेला आणि तेथे त्याने गाणे जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर आणून ठेवले. 'सो जा राजकुमारी' ऐकताना आपण चोरून ऐकत आहोत असे मला नेहमी वाटते. माझ्या पिढीला हे गायक प्रत्यक्ष कधी लाभले नाहीत. १८ जानेवारी १९४७ रोजी ते जालंधरला वारले, तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. आम्हांला ते भेटले सिलोन रेडिओवर, जुन्या चित्रपटगीतांच्या सकाळच्या कार्यक्रमात, आठाच्या ठोक्याआधीच्या शेवटच्या गीतात. ज्या आवाजाने निजवावयाचे, त्याच्यावर घड्याळ लावून आम्ही शाळेला पळत असू!

सैगल यांना पहिली वंदना अनुकरणाची मिळाली. मुकेश यांचे 'पहली नज़र' (१९४५) मधील 'दिल जलता है' ऐकून, हे गाणे आपण केव्हा गायिलो, असे खुद्द सैगल बुचकळ्यात पडून म्हणाले, अशी आख्यायिका आहे. किशोरकुमार यांचे 'ज़िद्दी' (१९४८) मधील गीतही त्याच वळणाचे. हे दोघेही पुढे त्या छायेतून बाहेर पडले, आणि बाहेर पडल्यावरच मोठे झाले. अनुकरणात भक्ती असते, नाही असे नाही. परंतु ती भक्ती देवाची मूर्ती पुसून तेथे स्वतः उभी राहते.

लताबाईंना हा मार्ग मुळातच बंद होता. पुरुषाचा खर्ज स्त्रीच्या गळ्याने कसा उचलावा? त्यामुळे त्यांना सैगल यांच्यासारखे गाण्याचा मोह टळला आणि सैगल यांच्यापासून काय घ्यावे, हा खरा प्रश्न समोर आला. त्यांची सैगलभक्ती सर्वश्रुत आहे. स्वतःच्या कमाईतून पहिला रेडिओ घरी आणावा आणि त्यावर सैगल गेल्याची वार्ता ऐकावी, मग तो रेडिओच परत करून टाकावा, ही हकीकत त्या सांगत. तेव्हा त्यांचे वय होते सतरा. 'श्रद्धांजली' निघाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. म्हणजे हे ऋण त्यांनी पंचेचाळीस वर्षे वागविले होते.

आणि त्यांनी घेतले काय? माझ्या मते, संयम. एवढा सामर्थ्यवान गळा, पण चालीला कोठे स्वतःची झालर लावण्याचा अट्टहास नाही. हरकतींची आतषबाजी नाही. मुळातील शब्दांची मांडणी त्यांनी सोवळ्यात ठेवली आहे.

तरीही दोन्ही गीते एक होत नाहीत, आणि येथे आपले शेजारी कुमार गंधर्व यांची आठवण होते. देवासला आजारपणात पडलेल्या कुमारजींनी रेडिओवर एक अपरिचित आवाज ऐकला, तो लताबाईंचा होता, हे त्यांनी आपल्या प्रसिद्ध लेखात सांगितले आहे. तो लेख लताबाईंच्या गौरवाचा आहे, तरी त्यात दोन परखड तक्रारीही आहेत. एक अशी की करुण रसाला लताबाईंकडून पुरता न्याय मिळालेला नाही. दुसरी अशी की त्यांचे गाणे बहुतांशी उंच पट्टीतच झाले, आणि त्याचा दोष त्यांचा की संगीतदिग्दर्शकांचा, हे सांगणे कठीण. प्रशंसेच्या लेखात एवढे लिहिणे, हा कुमारजींचाच करारीपणा.

१९९२ चे ध्वनिमुद्रण या दोन तक्रारींच्या उजेडात ऐकण्यासारखे आहे. पट्टी अर्थातच उंच आहे. जे स्वर सैगल जवळजवळ जमिनीलगत ठेवतात, ते येथे मोकळ्या आकाशात येतात. वाद्यवृंद मोठा आहे, ध्वनी निर्मळ आहे, आणि त्या निर्मळपणातच ते जवळ बसून गायिल्याचे सुख हरवते. सैगल यांना ऐकताना डोळे मिटतात, लताबाईंना ऐकताना आपण ताठ बसून कान देतो. अंगाई म्हणून हे गीत मुळाच्या जवळ पोहोचत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. लताबाईंवरील माझ्या प्रेमामुळे हे वाक्य मी पुष्कळ दिवस लांबणीवर टाकले.

परंतु त्यांना अंगाई म्हणावयाची होती काय? श्रद्धांजली ही चारचौघांत, उघड्या आवाजात, नाव घेऊन अर्पण करावयाची असते. ती पाळण्याच्या जातीची आहे. तेथे निजविण्यापेक्षा गौरवाला महत्त्व असते. आणि मग करुणेची जी उणीव कुमारजींना जाणवली होती, ती येथे अनपेक्षित दाराने भरून निघते. शब्द केदार शर्मांचे तेच आहेत, चाल पंकज मलिकांची तीच आहे, पण निजलेले माणूस बदलले आहे. १९४० साली गाणारे सैगल होते आणि कोणी राजकन्या निजत होती. १९९२ साली निजलेले सैगलच आहेत. पंचेचाळीस वर्षांपूर्वी झोपी गेलेल्या माणसाला 'निज' असे पुन्हा सांगण्यात जो कारुण्याचा भाग आहे, तो मूळ गीतात असणे शक्यच नव्हते. त्यासाठी मूळ गायकाला जावे लागले. हा अर्थ लताबाईंनी स्वरांत ठसठशीत करून दाखविलेला नाही. तो आपल्या मनात ऐकता ऐकता उमलतो.

कुमारजींनीही बालगंधर्वांना अशीच वंदना केली आणि कार्यक्रमास नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या नावातील 'मला' हा शब्द फार मोलाचा आहे. लताबाईंनी तो शब्द छापला नाही, परंतु गाण्यात तो आहे.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. आता ते १९९२ चे ध्वनिमुद्रण लावले की त्यातही एक नवा निजलेला श्रोता येऊन बसतो. आजच्या मुलांना भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ही दोन्ही गीते एकाखाली एक दिसतात, आणि पुष्कळांना मूळ कोणते हेही ठाऊक नसते. त्याबद्दल मी त्यांना रागे भरणार नाही. लताबाईंच्या आवाजाकडे आलेला श्रोता एक जिना उतरला की सैगल यांच्या खोलीत पोहोचतो.

आता शाळेच्या संगीतशिक्षिका आपल्याला ही दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकविणार आहेत. क्रम मी मुद्दाम उलटा ठेवावयास सांगितला आहे. आधी १९९२ चे, मग १९४० चे. दुसऱ्याच्या वेळी सभागृहातील दिवे थोडे मंद करावेत, आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज कृपा करून वाढवू नये.