जागा कोणी खाल्ली?



अध्यक्षाच्या हाती माइक एकदाच येतो. तेव्हा घड्याळाकडे बघणाऱ्यांनी खुशाल बघावं, सर्व्हरचा विषय मी आज काढणारच.

काय घडलं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळाच्या सर्व्हरची डिस्क भरली, साफसफाईचं ठरलं आणि पहिला विळा पडला तो 'अहिराणी' नावाच्या फोल्डरवर. कारण काय, तर म्हणे तो बरेच दिवस कोणी उघडलाच नव्हता! घरातल्या म्हातारीशी कोणी बोलत नाही म्हणून तिची खाट अंगणात काढतात का हो?

त्या फोल्डरात कानबाई देवीची गाणी होती. लिंबायत, नवागाम, डिंडोलीच्या बायांनी म्हटलेली. नवऱ्यांच्या यंत्रमागाच्या कामापायी या बाया धुळे-अमळनेरहून सुरतेत आल्या. एका तासाची वेव्ह फाइल सहाशे एमबीची, हे मान्य. त्यावर एक विद्वान म्हणाले, ''एमपीथ्री करा, दहापट जागा वाचेल.'' ऐकण्यापुरती जरूर करा. पण मूळ पुसलंत, तर त्यात जे गाळलं गेलं ते परत कुठून आणणार?

मग कोणी किती जागा खाल्ली ते मोजणारी 'डीयू' आज्ञा मी चालवून पाहिली. एका साडीच्या आठ मॅचिंग, म्हणजे आठ रंगछटा, प्रत्येकीची वेगळी टिफ फाइल, आणि तो अख्खा फोल्डर पुन्हा 'न्यू फोल्डर'मध्ये. कोणाच्या तरी हळदीचा फोरके व्हिडिओ तर तीन ठिकाणी. कोणाच्या ते सांगत नाही. पहिल्या रांगेत कोणाची मान खाली गेली ते तुम्हीच बघा. उधन्याच्या आपल्या पोरांचे फोल्डरही फुगलेत, पण ती रात्रपाळी करून सर्व्हर सांभाळतात. त्यांच्याबद्दल आज एक शब्द नाही.

''सगळ्यांना सारखा कोटा द्या,'' अशी हाकाटी सुरू आहे. अहो, १९८३ च्या फोर पॉइंट टू बीएसडीत कोटा आला, तेव्हाही सॉफ्ट लिमिट होतं, हार्ड लिमिट होतं, मर्यादा ओलांडणाऱ्याला मुदत होती. गुगलनेसुद्धा शिक्षणसंस्थांची अमर्याद जागा बंद करताना २०२१ साली आधी जाहीर केलं, मग वेळ दिला. आपल्याकडे मात्र रात्रीत निकाल!

आता त्या गाण्यांचं मोल ऐका. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि तापी घराघरात शिरली. पूर ओसरल्यावर अडाजणच्या एका मावशींच्या घरी मी गाण्यांच्या कॅसेटी उघडत बसलो होतो. फिती गोड्या पाण्यात धुवायच्या आणि दोरीवर वाळत घालायच्या. गाळ सुटायचा, कधी त्याबरोबर आवाजही जायचा. जे वाचलं तेच या 'अहिराणी' फोल्डरात होतं. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, वहीत उतरवून ठेवली नसती, तर १९५२ साली अत्रे त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना कशाला लिहिणार होते? त्या वहीला कोणी कोटा लावला नव्हता.

तेव्हा अध्यक्ष म्हणून सांगतो. सोमवारी फलकावर यादी लागेल : फोल्डर, मालकाचं नाव, आकार. सात दिवसांची मुदत. जे दुसरीकडे कुठेच नाही त्याला हात लागणार नाही. ज्याच्या प्रती आहेत त्याची एकच राहील. हळदीच्या तिन्ही प्रतींपैकी कोणती ठेवायची, ते वरपक्षाने घरी बसून ठरवावं.