कर्तृत्व आणि अधिष्ठान



कोणतेही कार्य सिद्धीस जाण्यासाठी पाच कारणे लागतात, असे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. या क्रमात कर्त्याचे स्थान दुसरे आहे. पहिले आहे ते अधिष्ठान. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ केला. तो थोडा विस्तारून माणूस ज्या घरात, ज्या वस्तीत, ज्या सामाजिक भूमीवर उभा असतो ती जागा, असा घेतला, तर मुंबईच्या उपनगरांतील जीवनाचा उलगडा होतो. यशस्वी माणूस स्वतःची कथा सांगताना कर्ता आणि प्रयत्न यांपाशी थांबतो. दुसऱ्याच्या अपयशाची मीमांसा करताना तो आळसाला नाहीतर दैवाला दोष देतो. अधिष्ठान दोन्ही वेळा विस्मृतीत जाते.

घाटकोपरच्या चिरागनगरचेच उदाहरण घ्यावे. या वस्तीतील एका झोपडीत लोकशाहीर अण्णाभाऊ साठे दोन दशकांहून अधिक काळ राहिले. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या व्यवस्थेचा पाया घातला, तिने त्यांच्या समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. अपराध नसताना हजेरी द्यावी लागण्याचा तो अपमान त्यांनी ‘फकिरा’ कादंबरीत चित्रित केला आहे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. मनावरचे शिक्के मात्र कायद्याने पुसले जात नाहीत. शाळेशी अण्णाभाऊंचा संबंध आला तो जेमतेम दीड दिवस. वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आलेला हा मुलगा मिळेल ते काम करीत राहिला. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांच्या सहवासात त्याला अक्षरांची गोडी लागली. पुढे त्याच हातांनी ३५ कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ च्या ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, १९६१ साली त्यांचा रशियाचा प्रवास घडला. पण १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात पन्नाशीही न गाठता हा प्रतिभावंत गेला, तो विपन्नावस्थेतच.

ही कथा दोन प्रकारे सांगता येते. जिद्द असेल तर झोपडीतूनही साहित्यिक घडतो, हा पहिला प्रकार. सभांमधून तोच अधिक ऐकू येतो. दुसरा प्रकार अस्वस्थ करणारा आहे. ज्याची प्रतिभा एवढी असामान्य होती, त्यालाही वस्तीने पूर्ण आयुष्य लाभू दिले नाही. मग ज्यांची बुद्धी सर्वसाधारण आहे, अशा त्याच वस्तीतील हजारो मुलांचे काय होत असेल? सुस्थितीतील घरातला साधारण बुद्धीचा मुलगा सुखाने संसार थाटतो. चिरागनगरातल्या मुलाने मात्र असामान्यच असले पाहिजे, अशी अट समाजाने नकळत घातलेली आहे. अपवादाचा गौरव करताना नियमाकडे पाठ फिरवली, तर तो गौरव पोकळ ठरतो.

अण्णाभाऊंना हे पुरते ठाऊक होते. त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेचा नायक भीमा वारणाकाठचा पहिलवान गडी. उपनगरातल्या दगडाच्या खाणीवर तो राबतो. खाण बंद पडते, घरी उपासमार येते आणि तोच माणूस रात्री स्मशानातली राख चाळून सोन्याचे कण शोधू लागतो. अखेर एका प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात आणि त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. भीमाचे बळ, त्याचा कष्टाळूपणा यांत तिळमात्र उणेपणा नव्हता. पायाखालची जमीन तेवढी सरकली होती.

याउलट, अधिष्ठान लाभले म्हणजे काय घडते, याचाही दाखला मुंबईतच आहे. परळच्या चाळीत राहणारा एक विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींच्या दृष्टीस पडत असे. गुरुजींनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची गाठ घालून दिली. बडोद्याच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर महाविद्यालयीन शिक्षण झाले आणि १९१३ साली तो विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची बुद्धी आणि परिश्रम त्यांचे स्वतःचे होते, यात शंका नाही. पण वाट अडलेली असताना एका शिक्षकाने आणि एका राजाने दार उघडले, हेही तितकेच खरे. बागेत वाचणारी अशी किती मुले केळुस्करांची भेट न होताच नाहीशी झाली, याची नोंद इतिहासात नाही.

संकटेसुद्धा पत्ता पाहून येतात. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात डोंगराची दरड कोसळली आणि साठांहून अधिक माणसे गाडली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी अंधेरी परिसरातील अनेक इमारतींच्या तळमजल्यात पाणी शिरले, मोटारी बुडाल्या. साकीनाक्याच्या डोंगरउतारावरील झोपड्यांत मात्र माणसेच ढिगाऱ्याखाली गेली. पाऊस एकच, हानी वेगळी. उतारावर झोपडी बांधणारा मूर्ख नसतो. सपाट जागा त्याला परवडत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे ४१ टक्के लोकांचा निवास झोपडवस्त्यांत होता.

वस्तीचा हा परिणाम परदेशांतही अभ्यासला गेला आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात पाच शहरांतील गरीब कुटुंबांना बऱ्या वस्तीत राहण्यासाठी साहाय्य देण्यात आले. दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली त्याचे निष्कर्ष मांडले. तेराव्या वर्षापूर्वी स्थलांतर केलेल्या मुलांची प्रौढपणीची कमाई सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळली. त्याहून मोठ्या वयात गेलेल्यांना तसा लाभ झाला नाही. बालपण निघून गेल्यावर दिलेली संधी बहुधा उशिराची ठरते, हा त्याचा अर्थ.

गिरगाव-दादरच्या चाळींतून बोरिवली-मुलुंडला आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनीही कष्ट काढले आहेत. एका खोलीत आठ माणसे राहिली, मुलांनी गॅलरीतल्या दिव्याखाली अभ्यास केला. त्या कष्टांचे मोल कमी होत नाही. पण त्या खोलीला पक्के छप्पर होते, चाळीत अर्ज भरून देणारे काका होते, बँकेतल्या भरतीची जाहिरात दाखवणारा शेजारी होता, आणि पोलीस दारात आला तर तो चौकशीसाठी येई, संशयाने नव्हे. हे सारे कमावलेले नव्हते, लाभलेले होते. जे लाभले ते ऋण असते, आणि ऋणाची परतफेड करायची असते.

ती परतफेड उपकाराच्या भावनेने होऊ शकत नाही. दिवाळीला फराळ वाटून छायाचित्र काढल्याने अधिष्ठान बदलत नाही. आजही अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा पालात राहिले, त्यांनी तो कागद कुठून आणावा? त्या एका कागदाअभावी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा प्रवेश अडून राहतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या. पण अर्जाची मुदत कधी संपते हे घरकाम करणाऱ्या मावशींना कोण सांगणार? कचेरीत आयुष्य गेलेला निवृत्त गृहस्थ हे काम सहज करू शकतो. गावच्या शाळेतल्या जुन्या नोंदवहीचा उतारा मिळवणे, प्रतिज्ञापत्र लिहून देणे, तहसील कार्यालयात बरोबर जाणे, यासाठी पैसा लागत नाही. वेळ आणि आपलेपणा लागतो. वस्तीत संध्याकाळी दोन तास उजेडाची, शांत अभ्यासिका चालवणे हेही तसेच काम आहे. मात्र ते एका शैक्षणिक वर्षापुरते नसावे. मूल पहिलीपासून दहावीपर्यंत जाईतो टिकावे.

समरसता हा शब्द व्यासपीठावर सोपा वाटतो. त्याची कसोटी रेल्वेच्या रुळांपलीकडे, डोंगराच्या उतारावर लागते. तेथील मुलाला असामान्य न होताही सन्मानाने जगता आले पाहिजे. त्या मुलाचे अधिष्ठान घडविणे हे समाजाचे कर्तव्य आहे. पुढचे कर्तृत्व तो स्वतः दाखवील.