बालसंगोपन करणाऱ्यांचे निवृत्तिवेतन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दीक्षितपुरा, जबलपूर येथे दिलेले भाषण)



अशा मंगलप्रसंगी एखाद्या संतावर अथवा साहित्यिकावर बोलावे असा प्रघात आहे. माझा विषय त्या मानाने रूक्ष आहे. आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे मी केंद्र शासनाच्या कचेरीत हिशेबाच्या फायलींत घालवली. तेव्हा फायलीतलाच, परंतु घराघराशी निगडित असलेला एक प्रश्न मांडण्याची अनुज्ञा असावी. आपली मुले ज्या स्त्रिया सांभाळतात, त्यांच्या वृद्धापकाळाची तरतूद कोणी करावयाची, हा तो प्रश्न होय.

आपले मंडळ १९७५ साली स्थापन झाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. म्हणजे शासनाची अंगणवाडी आपल्या मंडळाची समवयस्क ठरते. अंगणवाडीची कल्पना मात्र त्याहून जुनी आणि मराठी भूमीत रुजलेली आहे. पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे कार्य आरंभिले. मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. पुढे १९५७ पासून अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांत बहरले.

त्या पिढीने सेवा हेच वेतन मानले. त्यांच्या त्यागाला माझा विनम्र प्रणाम. परंतु थोरांनी स्वेच्छेने केलेला त्याग पुढे इतरांवर नियम म्हणून लादला गेला, हेही मान्य केले पाहिजे. योजनेच्या आरंभी अंगणवाडी सेविकेस महिना १०० ते १५० रुपये आणि मदतनिसेस ३५ रुपये मिळत. त्या रकमेस ‘मानधन’ असे गोड नाव होते. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने हे मानधन अनुक्रमे ४,५०० व २,२५० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. पण मानधन म्हटले की वेतन नाही, आणि वेतन नाही म्हणून निवृत्तिवेतनही नाही, अशी ही तर्कपरंपरा दीर्घकाळ चालत आली.

येथे मला स्वतःचा एक दोष कबूल करावयाचा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहानशा बालवाडीचे हिशेब मी विनामूल्य तपासत असे. तेथील बाईंनी २८ वर्षे मुले सांभाळली. आईची कारखान्यातील पाळी संपेपर्यंत एखादे मूल ताटकळले, तर त्याला मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसून राहत. त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही शाल व श्रीफळ दिले, भाषणे केली आणि कृतकृत्य होऊन घरी परतलो. त्यांचे अखेरचे वेतन ६,००० रुपये होते. उपदान, म्हणजे ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, त्याचा नियम सेवेच्या प्रत्येक वर्षास पंधरा दिवसांचे वेतन असा आहे. त्या हिशेबाने बाईंना सुमारे ९६,९०० रुपये मिळावयास हवे होते. परंतु तो नियम दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांना लागू होतो, आणि भविष्यनिर्वाह निधी सामान्यतः वीस वा अधिक कर्मचाऱ्यांच्या संस्थांना. आमच्याकडे अवघ्या तिघी होत्या. कायद्याच्या दृष्टीने आम्ही निर्दोष होतो. ताळेबंदावर निःशंकपणे सही करणारा मीच होतो.

सुदैवाने या विचाराला न्यायालयाने धक्का दिला आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अजय रस्तोगी व न्यायमूर्ती अभय ओक यांनी गुजरातमधील प्रकरणात असा निर्णय दिला की, अंगणवाडी सेविका व मदतनीस १९७२ च्या उपदान कायद्याखाली येतात. त्यांच्या मानधनास वेतनच समजले पाहिजे, हे त्यातील मर्म. पुढे २९ ऑगस्ट २०२२ रोजी खासगी शाळांच्या शिक्षकांचा उपदानाचा हक्कही त्याच न्यायालयाने उचलून धरला.

हक्क मान्य झाला की खर्च येतो, आणि खर्च आला की संस्थाचालक विचारतात, पैसा आणावा कोठून? हा प्रश्न अप्रामाणिक नाही. २०१७ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना राज्यांमार्फत चालवण्याचे ठरले, तेव्हा केंद्राचा वाटा ६०, राज्याचा ३० आणि स्वयंसेवी संस्थेचा १० टक्के होता. ज्या संस्थेला तो दशांशही वर्गण्या मागून जमवावा लागतो, तिच्यावर अंशदानाचा नवा भार टाकला, तर ती एक तर बाईंचे वेतन कापील, नाही तर गरीब आईकडून जादा शुल्क घेईल.

शासन स्वतः मालक असते तेव्हा काय करते, ते पाहा. २००४ पासून सेवेत आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी शासनाचे अंशदान प्रथम १० टक्के होते. एप्रिल २०१९ पासून ते १४ टक्के झाले, आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत १८.५ टक्के. हा वाढीव भार अर्थसंकल्पात रीतसर धरला गेला. कोणा खातेप्रमुखाला झोळी घेऊन फिरावे लागले नाही. इंग्लंडातही एप्रिल २०२४ मध्ये शिक्षकांच्या निवृत्तिवेतनापोटी शाळांनी भरावयाचे अंशदान २३.६८ वरून २८.६८ टक्के झाले, तेव्हा तेथील शासनाने शाळांना त्यासाठी वेगळे अनुदान दिले. तात्पर्य, जो अंशदान भरण्याची आज्ञा देतो, त्याने त्याची सोयही करावी.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, बालवाडी व पाळणाघरांना अनुदान देताना शासनाने भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांचा मालकाचा वाटा स्वतंत्र शीर्षाखाली द्यावा, आणि तो थेट बाईंच्या खात्यात जमा व्हावा. म्हणजे संस्थेला तो अन्यत्र वळवता येणार नाही.

परंतु शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. पुन्हा ६,००० रुपयांचाच हिशेब घ्या. बारा टक्क्यांचे अंशदान ७२० रुपये आणि उपदानासाठी सुमारे २८८ रुपये, असे महिन्याला १,००८ रुपये होतात. बाईंकडे तीस मुले असतील, तर दर मुलामागे महिन्याला सुमारे ३४ रुपये. आपल्यापैकी पुष्कळांना ही रक्कम जाणवणारही नाही. ज्यांना ती जड जाईल, त्यांच्यासाठी मंडळाने सुवर्णमहोत्सवी निधीतून काही भाग काढून ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. ती कार्यकारिणीने विचारात घेतल्यास पहिली वर्गणी माझी धरावी.

ज्या बाईंविषयी मी बोललो, त्या आज हयात नाहीत. मला मात्र उद्या निवृत्तीनंतर दर महिन्याला निवृत्तिवेतन मिळेल. मी कागद सांभाळले, त्यांनी मुले सांभाळली. या दोन सेवांत अधिक मोलाची कोणती, हे या सभागृहात मी सांगण्याची आवश्यकता नाही.