पतंग, वटवाघूळ आणि आपण
(वाडीसभेतल्या भाषणाचा मजकूर)



उल्हासनगरपासून इमारती सरकत सरकत अंबरनाथ, बदलापूर करत आता आपल्या डोंगराला लागल्यात. आपण ठाकर, कातकरी त्याच डोंगराच्या अंगाला राहतो. आज दोन उडणाऱ्या जीवांबद्दल बोलू. त्यात आपल्या जमिनीचा मुद्दा आहे.

सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात अ‍ॅटलास पतंग निघतो. पंख पसरले की वीतभर. शहरातली माणसं फोटो काढायला धावतात. पण ह्या पतंगाला खायला तोंडच नसतं. अळी असताना झाडाचा पाला खाऊन जे अंगात साठवलं, त्यावर आठ-पंधरा दिवस जगतो. मादी अंडी घालते आणि खेळ संपतो.

आता मोठं वटवाघूळ बघा. पंख चार फुटांच्या पुढे. वर्षाला पिल्लू एकच. पिढ्यान्‌पिढ्या एकाच मोठ्या झाडाला धरून राहतं. रात्री वड, उंबर, मोहाची फळं खातं आणि बी लांबवर टाकतं. म्हणजे रान लावतं, तेही बिनपगारी! तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला उंदीर-कावळ्यांच्या रांगेत बसवून उपद्रवी ठरवलं. पाला खाणाऱ्या पतंगाचं कौतुक, रान लावणाऱ्याला शिक्का. ती उपद्रवींची यादी कायद्यातून निघाली २०२२ च्या दुरुस्तीत. पन्नास वर्षं गेली.

आपलंही तेच झालं. रान राखलं आपण, आणि कागदावर अतिक्रमणदार पण आपणच. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रस्तावनेतच मान्य केलंय की वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. म्हणजे चूक आपली नव्हती.

पण नुसत्या कबुलीने जमीन नावावर होत नाही. दावा भरावा लागतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेली, प्रत्यक्ष कसतो तेवढी जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर. दंडाची पावती नाही म्हणून घाबरू नका. शेताचे बांध, घर, जुनी विहीर, देवाची जागा, स्मशान, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, हे सगळे पुरावे आहेत. मात्र एकावर थांबू नका, दोन तरी जोडा. दाव्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आणि सामूहिक दावा विसरू नका. त्यात रान राखायचा हक्क मिळतो. हद्द लिहिताना वटवाघळांचं झाड आत घ्या. ते झाड पडलं तर उद्याचा उंबर कोण लावणार?

फोटोवाले पावसाळा संपला की जातील. आपल्याला इथंच राहायचंय.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!