हाकेला यावंसं वाटलं पाहिजे

आज बचत गटाच्या हिशेबाचं नाही, दारातल्या कुत्र्याचं बोलायचंय.

आपल्या पानशेतच्या खोऱ्यात कुत्रं हौसेपुरतं नसतं. भाताच्या खाचरात रानडुक्कर शिरलं की तेच आधी भुंकतं. गोठ्याजवळ बिबट्या फिरकला तरी तेच आधी सांगतं. आणि बिबट्या आधी उचलतो तेही त्यालाच. म्हणून दिवेलागणीला हाक मारली की कुत्रं घरात आलं पाहिजे. एवढी एक शिकवण पक्की असली तर त्याचा जीव वाचतो.

आमच्या मोत्याचं सांगते. तो दुपारी कोंबड्यांमागं लागायचा. मी हाका मारायची. तो दहा मिनिटांनी यायचा, आणि आला की मी काठीनं बडवायची. मला वाटायचं, कोंबड्यांची शिक्षा झाली. त्याच्या डोक्यात मात्र दुसरंच बसलं : बाईनं हाक मारली, जवळ गेलो, की मार. मार बसताना कुत्रं जे करत असतं, त्याच्याशीच ते मार जोडतं. मघाच्या चुकीशी नाही.

एका थंडीत तिन्हीसांजेला मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मोत्या वीस पावलांवर उभा राहून माझ्या हाताकडं बघत होता. हातात काठी नव्हती, बॅटरी होती. तरी आला नाही. सकाळी बांधावर त्याचा पट्टा तेवढा सापडला.

पुढचं पिल्लू आणलं तेव्हा काठी आढ्याला खोचली. पहिला आठवडा अंगणात दोन पावलांवरून हाक मारायची. आलं की लगेच हरभऱ्याएवढा भाकरीचा तुकडा द्यायचा आणि गोड बोलायचं. मग पाच पावलं, मग दहा, मग परड्यातून. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. उशिरा आलं तरी रागवायचं नाही. हाकेचा शब्द घरात सगळ्यांचा एकच ठेवायचा. कोंबड्या सोडायच्या वेळी पिल्लाला दोरीनं जवळ ठेवायचं, शांत बसलं की तुकडा द्यायचा.

आणि कुत्रं गुरगुरलं म्हणून मारू नका. ते "लांब राहा" असं सांगतंय. मारानं गुरगुरणं थांबतं, भीती थांबत नाही. मग एखाद्या दिवशी ते न सांगताच चावतं, आणि समोर लहान पोर असतं. कुणाला चावलंच तर चुना, मिरची लावू नका. वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

आता शेजारचं. आमच्या शेजारच्या अक्का त्यांच्या कुत्र्याला मारायच्या. पण ताटातली अर्धी भाकरी आधी त्यालाच द्यायच्या. माया नव्हती असं नाही. मारल्याशिवाय जनावर शिकत नाही, असंच आपल्या सगळ्यांना सांगितलं गेलंय. जनावराला मारणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे खरं. पण शेजारणीशी बोलताना पहिला शब्द कायद्याचा काढला, तर ती दार लावून घेते आणि कुत्रं दाराच्या आतच राहतं.

मी एवढंच म्हटलं, "अक्का, माझा मोत्या माझ्याच काठीनं गेला." त्या काही बोलल्या नाहीत. दोन-चार दिवसांनी संध्याकाळी अंगणात आल्या. मी हाक मारली, पिल्लू धावत आलं. "काय देतीस गं त्याला?" त्यांनी विचारलं. मी मूठ उघडून दाखवली. त्यातले चार तुकडे त्या घेऊन गेल्या. त्यांचं कुत्रं मोठं आणि मार खाल्लेलं, त्याला महिना-दीड महिना लागला. पण आता तेही दिवेलागणीला पडवीत असतं.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. आपल्याला तूप परवडत नसलं तरी भाकरीचा तुकडा परवडतो.

आज संध्याकाळी दोन पावलांवरून सुरुवात करा. आणि कुणा शेजारणीला सांगावंसं वाटलं, तर तिची चूक नको, आपली सांगा. राम राम.